व्यायामबाईंची पेन्सिल

दवाखान्यात लचकल्या-आखडल्या हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या आमच्या व्यायामबाई एक नंबरच्या भित्र्या. पालीला भीत, विजेच्या बटणाला भीत, एसटी वळणावर कलली की पुढच्या सीटची दांडी धरून डोळे मिटत. दवाखान्याच्या आवारात एक मरतुकडं कुत्रं असायचं. ते उठून दुसरीकडे जाईपर्यंत बाई फाटकातच उभ्या राहत. आणि याच बाई दिवसभर पेशंटांना बजावत, "भ्यायचं न्हाई. भीती एकदा सांध्यात शिरली की निघता निघत न्हाई."

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्यात पोलीस भरती निघणार अशी बातमी आली. आमच्या निलंग्याकडच्या गावात पावसाचा पत्ता नव्हता आणि मी पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होतो. भरती झालो तरच डोक्यावरचं घमेलं उतरणार, एवढं मला कळत होतं. म्हणून रोज पहाटे कोरड्या ओढ्यातून पळायचो. भरतीला दोन महिने असताना उजवा पाय खड्ड्यात गेला आणि घोट्यात कट्कन वाजलं.

माझी चुलती पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं पाय लावला की लचक निघते, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती, मलाही नव्हती. चुलतीनं टाचेनं घोटा दाबला, मायनं गरम तेलानं रगडला. लचक निघाली असं धरून मी शहाणा दुसऱ्याच दिवशी पळालो. संध्याकाळी पाय चपलेत मावेना. माय रडत म्हणाली, "आता ह्या लंगड्या लेकराला घिऊन म्या कुठं जाऊ?" ते एक वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शेवटी दवाखाना गाठला, तिथं एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं. तिथं बाईंना आधी तेलाचाच वास आला. "ताजी सूज चोळत बसलात व्हय?" त्या ओरडल्या. मग बोटांकडून वर पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवायला सांगितला आणि माठातल्या गार पाण्याचं फडकं ठेव म्हणाल्या.

"बाई, गावात प्यायला पाणी न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी फडक्याची घडी लहान केली. मग हळूच म्हणाल्या, "वाटीभरच घे. त्याच वाटीत पिळ, त्याच वाटीत भिजव."

सूज उतरली, पण माझा पाय जमिनीला टेकेना. काठीवर लटकत चालायचो. पुन्हा कट्कन वाजेल, अशी धास्ती होती. बाईंनी खुर्चीवर बसवून पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायला लावली, अ पासून ज्ञ पर्यंत. मी 'क्ष'पर्यंत येता येता रडकुंडीला आलो. पुढे दुखऱ्या एका पायावर उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. पहिल्या दिवशी तोल गेला, मी बाईंचा दंड पकडला आणि माझ्यापेक्षा जोरात त्याच किंचाळल्या.

त्या खोलीत एक भिंत होती. खांदा आखडलेले पेशंट तिच्यावर बोटं चालवत हात वर नेत. बोट पोचेल तिथं बाई पेन्सिलीनं रेघ मारत आणि तारीख घालत. म्हणत, "एकट्यानं करू नगा. एकटा माणूस दुखण्याआधीच हात खाली घेतो."

मी पळायची परवानगी मागितली की उत्तर ठरलेलं, "त्याच पायावर दहा उड्या मार, मग पळ." आठव्या उडीला मी भिऊन दुसरा पाय टेकायचो. भरतीच्या पंधरा दिवस आधी दहा झाल्या. मैदानावर प्रत्येक पावलाला मी तो कट् आवाज ऐकायला कान लावून पळालो. आवाज आला नाही. नोकरी लागली.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली नांदेडजवळ मुदखेडला झाली, तेव्हा कळलं की बाई निवृत्त होऊन नांदेडला बहिणीकडे राहतात. भेटायला गेलो. पायरीवरून पडून बाईंचं मनगट मोडलं होतं. हाड जुळून कैक महिने झाले, तरी हात गळ्यात बांधलेलाच. खांदा पार आखडला होता.

"बाई, तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"समदं कळतंय रे," त्या मान खाली घालून म्हणाल्या, "पण हात उचलायचा म्हटलं की जीव थरथरतो."

मला त्यांच्यासाठी नव्हे, माझ्याचसाठी भीती वाटली. ज्यांच्या धीरावर मी उभा होतो, त्यांच्यापाशीच धीर नव्हता. मी बहिणीकडून पेन्सिल मागून घेतली आणि त्यांना भिंतीपाशी उभं केलं. बोटं छातीपर्यंत आली नि थांबली. मी रेघ मारली, तारीख घातली. मग जमेल त्या रविवारी जात राहिलो. रेघा इंचाइंचानं खांद्यापर्यंत आल्या. तेवढ्यात माझी पुन्हा बदली झाली. निघताना बाई म्हणाल्या, "आता कोण उभं ऱ्हाईल माझ्यापाशी?" मी पेन्सिल त्यांच्यापाशी ठेवली आणि निघालो.

त्या गेल्याचं उशिरा कळलं. बहिणीला भेटायला गेलो तेव्हा ती भिंत तशीच होती. खाली माझ्या रेघा, माझ्या अक्षरातल्या तारखा. त्यांच्या वर आणखी सात रेघा होत्या, थरथरत्या, वाकड्या. शेवटची कपाळाच्याही वर.

"ह्या कुणी मारल्या?" मी विचारलं.

"तिनंच," बहीण म्हणाली. "दार लावून घ्यायची. आतून रडणं ऐकू यायचं."