दोन नंबरचा रिमोट

आमच्या दादाला कुठलीही गोष्ट दुसऱ्याने सुरू केलेली खपत नसे. आईने मिक्सरचं भांडं लावलं की बटण दाबायला हा स्वयंपाकघरात हजर. वडिलांच्या स्कूटरला किक हाच मारणार, गणपतीत पहिला टाळ हाच वाजवणार आणि वाढदिवस माझा असला तरी सुरी धरलेल्या माझ्या हातावर हात ठेवून केक हाच कापणार. विचारलं तर उत्तर ठरलेलं. "सुरुवात थोरल्याची." आता तो गेला आहे, तर त्याच्याबद्दल चार गोड शब्द लिही, असं माझी बायको म्हणते. गोड शब्द मला जमायचे नाहीत. तो किती चांगला होता ते त्याच्या कंपनीतल्या लोकांनी सांगावं. मला त्याने जन्मभर पिडलं, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. एका दिवाळीला त्यांनी मेन रोडवरून आमच्यासाठी व्हिडिओ गेम आणला. टीव्हीला जोडायचं मशीन, त्यात वरून खुपसायच्या कॅसेट आणि दोन रिमोट. रिमोट दिसायला जुळे भाऊ, पण एक नंबरच्या रिमोटवर मधोमध स्टार्टचं बटण होतं आणि दोन नंबरवर ती जागा गुळगुळीत होती. कोणाला कुठला मिळाला हे सांगायला नको. खेळ सुरू कधी करायचा, मध्येच कधी थांबवायचा, सगळं त्याच्या अंगठ्यात. मी जिंकायला लागलो की याला नेमकी तहान लागायची, आणि खेळ थांबवून हा सावकाश पाणी पिऊन यायचा.

आमचा लाडका खेळ रणगाड्यांचा. दोघांनी मिळून आपला विटांचा किल्ला राखायचा. आपली गोळी आपल्याच साथीदाराला लागली तर तो मरत नाही, जागच्या जागी लुकलुकत उभा राहतो आणि थोडा वेळ त्याला हलता येत नाही. दादाची गोळी मला चुकून लागली असं एकदाही झालं नाही. प्रत्येक वेळी मुद्दाम. मी लुकलुकत असताना हा खदखदून हसायचा आणि वर मलाच विचारायचा, "बारक्या, थांबलास का रे?"

कॅसेट चालेना की ती काढायची, तिच्या फटीत जोरात फुंकायचं आणि पुन्हा लावायची, हा त्या वेळी घरोघरचा उपाय. तो मानही अर्थात थोरल्याचा. गाल फुगवून या टोकापासून त्या टोकापर्यंत असा काही फुंकायचा की अर्धी थुंकी कॅसेटमध्ये. त्या ओलीने आतल्या पट्ट्या खराब होतात हे मी पुढे कुठेतरी वाचलं, आणि ते त्याला ऐकवायचं मनात ठेवलं. पण तोवर आमचं बोलणं बंद झालं होतं.

बोलणं बंद झालं ते वाटणीवरून. आईवडील गेल्यावर घर विकायचं ठरलं. त्यावर काही वाद झाला नाही. राहिलं घरातलं सामान. वणीचे मामा मुद्दाम आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "थोरल्यानं वाटे करायचे अन् धाकट्यानं आधी उचलायचा. लय जुनी रीत हाय, मग कुणाची तक्रार राहत नाय." दादाने दिवाणखान्यात दोन ढीग लावले. एकात आईची समई होती. मी ती पाहिली आणि बाकी काही न बघता तो ढीग माझा म्हणून टाकला. घरी येऊन बघतो तर खोक्यात व्हिडिओ गेमच्या सगळ्या कॅसेट. मशीन नाही, रिमोट नाही. ते दुसऱ्या ढिगात.

तसाच त्याच्याकडे गेलो. "मशीन एकीकडे आणि कॅसेट एकीकडे? ही काय वाटणी झाली?" तो शांतपणे म्हणाला, "वाटे मी केले, उचललंस तू. आता रडू नकोस." मी म्हणालो, तू मुद्दाम केलंस. "हो, मुद्दामच," तो म्हणाला. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. चाळिशीला आलेले दोन बाप्ये एका खेळण्यावरून बोलायचे थांबले म्हणून नातेवाईक हसले. हसोत. प्रश्न खेळण्याचा नव्हताच. बटण कायम त्याच्याच हातात का, हा होता.

पुढे त्याच्या सिन्नरच्या कंपनीने त्याच्यासकट मेंटेनन्सच्या लोकांना घरी बसवलं. त्यातच त्याच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. बाहेर पडणं बंद आणि टीव्ही वहिनींच्या मालिकांच्या ताब्यात. तेव्हा याने ते जुनं मशीन फोडलं. वहिनी माझ्या बायकोला फोनवर सगळं सांगायच्या, आणि बायको मला, मी विचारत नसलो तरी. मशीनच्या पोटातलं हिरवं सर्किट काढून त्याने लाईट फिटिंगच्या पांढऱ्या डब्यात बसवलं. गाडी मागे घेताना बघायचा असतो तो छोटा स्क्रीन भद्रकालीच्या जुन्या बाजारातून आणला आणि डब्याच्या झाकणात ठोकला. एक नंबरच्या रिमोटची बटणं काढून स्क्रीनच्या बाजूला लावली. बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून आत भरले. पलंगावर पडल्यापडल्या हातात धरून खेळायचा, कुठेही नेता येईल असा गेम तयार. फक्त कॅसेट नव्हती.

"कॅसेट आण म्हणावं," असा निरोप आला. मी म्हणालो, "मशीन आण म्हणावं." तिकडून आलं, "मी आजारी आहे." मी कळवलं, "मी कामावर आहे." तसली कॅसेट आजही कुठेही विकत मिळते. ती आणा की, असं वहिनींनी त्याला सुचवलं तर तो त्यांच्यावरच उखडला. दोन्ही बायका या पोस्टमनकीला कंटाळल्या. शेवटी वहिनींनी मलाच फोन केला. "भाऊजी, ह्यांना आता फार दिवस नाहीत असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही या. भांडायचं असेल तर भांडा, पण या."

गेलो. नाकात ऑक्सिजनची नळी घालून तो पलंगावर टेकून बसला होता. एवढा आडदांड माणूस उशीएवढा झाला होता. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तेवढ्यात त्याने तोंड उघडलं. "आलास? कॅसेट आणलीस का नुसतंच तोंड?" मी रणगाड्यांची कॅसेट डब्यात खुपसली. स्क्रीनवर नुसत्या रेघा. मी कॅसेट काढून सवयीने त्याच्यापुढे धरली. त्याने ती ओठांशी नेली, गाल फुगवायला गेला आणि खोकल्याने वाकला. वहिनी धावत आल्या. श्वास जागेवर आल्यावर त्याने कॅसेट माझ्या हातात कोंबली. "फुंक. बघतोस काय?"

मी फुंकलं. चित्र आलं. मग त्याने उशीखालून वायरचा रिमोट काढून माझ्याकडे फेकला. तोच जुना दोन नंबरचा. पण मधल्या गुळगुळीत जागेत वेडंवाकडं भोक पाडून दारावरच्या बेलचं पांढरं बटण बसवलेलं होतं.

"हे काय?"

"स्टार्ट."

"आणि तुझ्या डब्यावर?"

"नाही. जागा नव्हती."

खोटारडा. त्या डब्यावर आणखी चार बटणं मावली असती एवढी जागा मला समोर दिसत होती. पण तो स्क्रीनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "दाब ना," तो म्हणाला. मी दाबलं. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला त्याने मला गोळी घातली.

निघताना मी म्हणालो, कॅसेट राहू दे इथेच. तो लगेच गुरगुरला. "वाटा तुझा आहे, घेऊन जा. मला फुकटचं नको." मी म्हणालो, मग खेळायचं झालं की दर वेळी मीच यायचं का? "ये ना. कोणी अडवलंय?" एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. रविवारी जायचं मी ठरवलं होतं. तो शुक्रवारी गेला.

दिवसकार्य उरकल्यावर मी वहिनींकडे तो डबा मागितला. त्या म्हणाल्या, "नाही भाऊजी. त्यांनी बजावून ठेवलंय. मशीन आमच्या वाट्याचं, ते इथून हलवायचं नाही. बारक्याला खेळायचं असेल तर त्याने इथे यावं." कुठेही नेता यावा म्हणून केलेला गेम, आणि तो उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. मेल्यावरसुद्धा मला त्याच्याच नियमाने चालवतोय. मनातल्या मनात मी त्याला भरपूर शिव्या दिल्या.

आता रविवारी मी खिशात कॅसेट घालून तिकडे जातो. वहिनी चहा टाकतात. मी फुंकतो, डबा पलंगावर उशीला टेकवून ठेवतो, दोन नंबरचा रिमोट हातात घेतो आणि स्टार्ट दाबतो. दोन्ही रणगाडे पडद्यावर येतात. माझा चालू लागतो, त्याचा असतो तिथेच उभा. मी आधी वळून त्याला एक गोळी घालतो. तो थोडा वेळ लुकलुकतो. लुकलुकायचा थांबला की मी पुन्हा घालतो.