आत्याबाईंचं माप

आमच्या आत्याबाईंच्या पाया पडायला वाकलं, की आशीर्वादाच्या आधी त्या वाकणारीच्या ब्लाउजची बाही उलटी करून आतली शिवण बघायच्या. मला बघायला मंडळी आली, तेव्हाही त्यांनी चारचौघांत माझी बाही उलटली. "पोरगी ब्येस हाय. शिंपी बदल," एवढंच म्हणाल्या. मला असा राग आला होता!

माझ्या नवऱ्याची ही आत्या, वडगाव रासाईची. जाऊन आता सहा महिने झाले. अर्ध्या गावाच्या पोरींचे फ्रॉक आणि सुनांचे ब्लाउज त्यांनी शिवले. पुढे मोतीबिंदू वाढला, सुईत दोरा जाईना, आणि त्यांच्या मशीनवर गोधड्यांचा ढीग येऊन बसला. दौंडला डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दिसायला लागल्याबरोबर बाईंनी आधी त्या गोधड्या हलवल्या. माझ्या धाकट्या दिराचं लग्न तोंडावर होतं. "सईचा फ्रॉक म्याच शिवणार. हात इसरलाय का ते बघायचंय मला," असं त्यांनी फोनवर बजावलं.

सई माझी लेक, तेव्हा सहा वर्षांची. माप घ्यायला आत्याबाई एसटीनं कारेगावला आमच्याकडे आल्या. टेप लावायच्या, आकडा लिहायच्या आणि पुन्हा बोटांनी मोजायच्या. "वाढतं अंग हाय. शिवणीत दोन बोटं माया ठिवते, म्हंजी फुडं उसवता येतं." पंधरा दिवसांत फ्रॉक आला. मोरपंखी, फुग्याच्या बाह्यांचा, मागे पट्टा. सईला घालून पाहिला, अगदी अंगाबरोबर बसला.

पण लग्नाला माझ्या कंपनीतल्या मैत्रिणी यायच्या होत्या. त्या फुग्याच्या बाह्या बघून काय म्हणतील, याचीच मला धास्ती. मी पुण्याहून एक चकचकीत गाऊन आणला. पोर लग्नभर अंग खाजवत होती.

यवतजवळच्या कार्यालयात आत्याबाईंनी सईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आपला न्हाई व्हय घातला?"

खरं सांगायला तोंड नव्हतं. "घातला होता हो, आत्याबाई. घट्ट होतोय."

"घट्ट? कुठं गं?"

"काखेत."

"मंग आण की. अक्षता पडायच्या आत उसवून देते."

"कारेगावलाच राहिला." फ्रॉक तेव्हा वरच्या खोलीत, माझ्या बॅगेत होता.

पंगतीत आत्याबाई उजव्या हाताची दोन बोटं जुळवून त्या बोटांकडेच बघत बसल्या. मला ते दिसलं. मी वाढप्याला हाक मारून त्यांना जिलेबी वाढायला सांगितली.

महिन्याभरानं नवरा जेवताना म्हणाला, "आत्यानं मशीन शेजारच्या सुनेला देऊन टाकली. माप चुकाया लागलं, आता लोकांचं कापड कशाला नासू, म्हणते."

त्यांचं मन राखायला खोटं बोलले, अशी मी मेली स्वतःची समजूत घालत होते. राखली होती ती माझीच अब्रू, आणि दोष त्यांच्या हाताला लावला होता. कितीदा तरी फोन लावला आणि तब्येतीची चौकशी करून ठेवला. लाज वाटायची. असं वर्ष काढलं मी.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा कुठे गेले. उशाशी बसून सगळं ओकून टाकलं. शिव्या खायची तयारी होती. खरं तर मला शिव्याच हव्या होत्या.

"म्हंजी काखंत घट्ट न्हवता?"

"नव्हता, आत्याबाई. अगदी बरोबर बसला होता."

त्यांचं तोंड असं फुललं! "व्हय? बरूबर व्हता?" पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग बराच वेळ चादरीची कड चाचपत पडून राहिल्या. हळूहळू हसू मावळलं. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरंच काही उमगत नसल्यासारखं त्यांनी मला विचारलं, "मंग मशीन कशापायी दिली गं म्या?"