राखेचे जादा आकडे

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की मला भनपुरीच्या कारखान्यातली लॅब आठवते. तिथे आम्ही कोळसा जाळून त्यात राख किती टक्के ते काढायचो. मी नवीन होते, आणि जुन्या मेश्रामकाकांवर माझा दाट संशय होता. आमचा काटा ग्रॅमची दोनच दशांश स्थळं दाखवायचा, आणि यांच्या रजिस्टरात राख ३८.४६१५ टक्के. हा माणूस वजन न करताच आकडे ठोकतो, असं मी धरूनच चालले होते.

म्हणून एका दुपारी कपाटाआडून त्यांच्यावर नजर ठेवली. काट्याला वारा लागू नये म्हणून त्यांनी पंखा बंद केला आणि घाम पुसत तीनदा वजन केलं. कोळसा २.६०, राख १.००. मग कॅल्क्युलेटरवर भागाकार करून रकान्यात मावतील तेवढे आकडे उतरवले.

मी पुढे झाले. "काका, काटा इतकं बारीक सांगतच नाही. तीनच आकडे खरे. ३८.५ लिहा."

"मले मालूम हाय पोरी," ते शांतपणे म्हणाले. "पण म्या आकडा कापला, की साहेब म्हणते, मेश्रामनं गडबड केली. तू सांगून राहिली न, मंग बाजूले सही कर."

मी हसत सही केली. आता तो वास आला की हसू येत नाही. माझ्या रजिस्टरात पहिल्या दिवसापासून तीनच आकडे होते, आणि मी नवीन असूनही साहेबांनी त्या आकड्यांच्या बाजूला कधी कोणाची सही मागितली नव्हती.