किसनराव फौजींची टोपी

वलगावच्या खुशालरावांना फौजेत जायचं होतं. छातीचं माप भरलं नाही. मग शाळेत ड्रॉइंग शिकवता शिकवता त्यांनी जुन्या फौजींच्या टोप्या जमवायला घेतल्या. घरभर पालथी मडकी आणि प्रत्येक मडक्यावर एक टोपी. तिन्हीसांजेला ती रांग पाहिली, की बिनचेहऱ्याची एखादी पलटण कुणाच्या तरी हुकमाची वाट पाहत थांबल्यासारखी वाटे. सुभद्राबाई झाडताना म्हणत, "सरका साहेब, केर काढू द्या."

एक टोपी मात्र हाती लागत नव्हती. मूर्तिजापूरच्या किसनराव फौजींच्या वडिलांनी ब्रह्मदेशच्या लढाईतून आणलेली, रुंद काठाची, एका बाजूनं कड वर दुमडलेली. खुशालराव मागत आणि किसनराव म्हणत, "मी मेल्यावर न्या जी."

बोलल्याप्रमाणे ते मेले.

"तेरवीले चालले का टोपीले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"दोन्हीले."

मांडवात टोपी पाटावर ठेवलेली. दोन्ही बाजूंना किसनरावांचे मुलगे, गजेंद्र आणि बंडू, तोंडं फिरवून बसलेले. त्यांच्या भावकीत तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, मयताची टोपी ज्याच्या डोक्यावर जाते, तो घरचा कर्ता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावांचं बोलणं बंद होतं. एकानं टोपीकडे हात नेला, की दुसरा उठून उभा राही.

ही रीत खुशालरावांना माहीत होती. पण टोपी इतक्या जवळून ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी ती उचलली, उलटी केली, आतल्या चामडी पट्टीवरचे बापलेकांच्या घामाचे डाग पाहिले, वास घेतला आणि सवयीनं, माप पाहावं म्हणून, डोक्यावर चढवली.

भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं उठून त्यांच्या कपाळाला गंध लावलं.

"बरं झालं," किसनरावांच्या बायको ललिताबाई म्हणाल्या. "यायनं तुमालेच शब्द देल्ला होता. आता तुमीच कर्ते."

"वहिनी, मी तं टोपी पाहून राहिलो होतो."

"पाहिली ना? आता घर पाहा."

काढली तर टोपी पुन्हा पाटावर जाणार, तिथून भावांच्या हिसकाहिसकीत. खुशालरावांनी हात वर नेला, कड चाचपली आणि हात खाली आणला.

"मंग सांगा," गजेंद्र म्हणाला, "धुऱ्यावरची बाभूळ कोणाची?"

"माही," खुशालराव म्हणाले. "कर्ता मी ना?"

कित्येक दिवसांनी भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"याले टोपीसंगं झाडबी पाहिजे," बंडू म्हणाला.

"काहून द्याचं?" गजेंद्र त्याला म्हणाला. "आपुन दोघं मेलो का?"

ललिताबाईंनी पंगतीत दोघांची पानं शेजारी मांडली.

संध्याकाळी सुभद्राबाईंचा फोन आला. "टोपी भेटली?"

"भेटली."

"मंग या ना घरी."

"येता नाही येत. किसनरावची नात आहे ना, आचल, तिले पाहाले सोमवारी पाहुणे येऊन राहिले. तूबी ये. कर्त्याची बायको लागते बसाले."

"पोरगा काय करते?" सुभद्राबाईंनी विचारलं.