लहरींची वहिवाट

आनंदराव सुभेदार कुणाच्याही घरी गेले तरी आधी बसत नसत. दारातून आत आले की मोबाइल धरलेला हात पुढं करून आरती ओवाळावी तसा तो भिंतीभिंतीशी फिरवत, एखाद्या कोपऱ्यात थबकत, दोन पावलं मागं येत आणि मग घरमालकालाच सांगत, "हितं बसायचं. तुमी बसलाय ती मेलेली जागा हाय." मग ती जिवंत जागा चुलीपुढं असो की गोठ्याच्या दारात, सुभेदार तिथंच टेकणार. एका लग्नात तर त्यांनी ऐन मंगलाष्टकात नवरदेवाला तीन फूट डावीकडं सरकवलं होतं. अर्ध्या अक्षता मागं उभ्या असलेल्या मामावर पडल्या. मामा तसाही बिनलग्नाचाच होता, त्याला बरं वाटलं.

मी त्या गावचा तलाठी होतो. सातारा जिल्हा संपत आला आणि सांगलीची हद्द जवळ आली की ते गाव लागतं. सरकारनं मध्यंतरी आमच्या पदाचं नाव बदलून लांबलचक केलं, पण गावाला त्याचं काही सोयरसुतक नाही. तिथं आम्ही भाऊसाहेबच. रुजू होऊन आठवडा झाला होता. पिकांच्या नोंदी मोबाइलवरून वर पाठवायच्या होत्या आणि तीन दिवस पडद्यावरचं चाक नुसतं गरागरा फिरत होतं. मी मुळात तापट. त्यात हा उंच, झुपकेदार मिशांचा, कडक इस्त्रीच्या पायजम्यातला म्हातारा आत आला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, "भाऊसाहेब, उठा."

तलाठ्याला कुणी ऊठ म्हणत नाही. मी खवळून उठलोच, आणि तेवढ्यात त्यांनी माझं टेबल खिडकीकडं ओढलंसुद्धा. "लोखंडी कपाटाच्या आडोशाला बसून रेंज मागताय? हंड्यात तोंड घालून हाक मारल्यागत झालं की हे!" माझ्या मागं उतारे घ्यायला चारजण उभे होते, त्यांनाही त्यांनी हुसकलं. "सरका रं गड्यांनो. माणूस म्हंजे पाण्यानं भरलेली घागर. लाट अडती." आणि काय सांगू, तीन दिवस अडलेल्या नोंदी तीन मिनिटांत वर गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा मिंधा झालो, आणि तिथंच माझं चुकलं.

सुभेदारांची अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये गेली होती. बर्फात खांब रोवायचे, तारा ताणायच्या, या शिखरावरचं बोलणं त्या शिखरावर पोचवायचं. या सगळ्या नोकरीचं सार ते दोन वाक्यांत सांगत : "मजकूर आपला न्हाई. वाट आपली." आलेला संदेश वाचायचा नाही, पुढं ढकलायचा. त्यांच्या वडलांच्या निधनाची तार त्यांच्याच हातून दुसऱ्या ठाण्यावर गेली होती आणि तिथून फिरून त्यांना दोन दिवसांनी कळली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "सुभेदार, एक नजर टाकली असती तर?" ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांना कुणाच्या घरात डोकवायला सांगतोय. "दुसऱ्याची चिठ्ठी वाचणारा माणूस सिग्नलमधी टिकत न्हाई, भाऊसाहेब."

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र फोन लागत नव्हता. घर ओढ्याकाठी खोलगटात. टॉवर तीन किलोमीटरवर माळावर. आणि मधल्या चढावर हौसाबाईंचा तीन एकर ऊस, दोन पुरुष उंच. दरवर्षी तोड झाली की सुभेदारांच्या घरी रेंजचा नुसता पूर यायचा आणि ऊस पुन्हा डोक्यावर गेला की आटायचा. "ऊस म्हंजे उभं पाणी," ते म्हणत, "लाट आत शिरती, ती भाहेर येतच न्हाई." त्यांनी उपाय केले नाहीत असं नाही. कमळाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, गुडघ्याचं ऑपरेशन सांगलीला झालं, तेव्हा बायको आत टेबलावर आणि हे भंगार बाजारात! ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा भारा घेऊन दवाखान्यात हजर. नर्सला वाटलं, बाईंसाठी वॉकर आणलाय. त्या नळ्यांचा माशाच्या काट्यासारखा एरियल करून त्यांनी तो बांबूवर चढवला आणि त्याची वायर कोनाड्यातल्या जाडजूड फोनला जोडली. तरी जमेना म्हणून बांबू वाढवला. वाऱ्यानं तो स्वतःच्याच गोठ्यावर कोसळला. तेव्हा कमळाबाई म्हणाल्या, "आता बांबू वाढीवला तर त्यालाच बांधून घालीन तुमास्नी." बूस्टर बसवा म्हटलं, तर ते बेकायदा. सुभेदारांनी कानाला हात लावले.

मला खरं कारण बऱ्याच उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. त्यांची एकुलती लेक सुरेखा भोपाळला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी यायचं. पण डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायलाही बंदी केलेली. आईचे गुडघे नवे, तिला प्रवास बंद. राहिला फोन. गावात रेंज कुठं, तर पाण्याच्या टाकीखाली, आणि तिथं चोवीस तास अर्धं गाव कानाला मोबाइल लावून उभं. सुभेदारांनी एकदा कमळाबाईंना ट्रॉलीत खुर्ची टाकून तिथं नेलं. त्या लेकीशी फक्त "जेवलीस का" एवढंच बोलल्या आणि परत येताना वाटभर रडल्या. "बाईमाणसानं लेकीला काय काय इचारायचं असतंय. ते टाकीखाली, बाप्यांच्या घोळक्यात इचारू व्हय?" दिवस भरत होते मार्गशीर्षात. हौसाबाईंच्या उसाला तोड येणार माघात.

भाद्रपदात सुभेदारांनी माझ्यापुढं अर्ज ठेवला. विषय : 'रेडिओ लहरींना वहिवाट मिळणेबाबत'. खाली मजकूर : 'अर्जदाराच्या घरी येणाऱ्या लहरी सदर गटातून पूर्वापार ये-जा करीत आल्या असून सध्या त्यांची वाट उभ्या पिकामुळे बंद झालेली आहे. तरी बत्तीस फूट रुंदीची वाट मोकळी करून मिळावी.' बैलगाडीच्या वाटेचा अर्ज कसा असतो, हुबेहूब तसा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लागू नाही'.

"अहो, कारण लिहा की काहीतरी!"

"लाटंला कारण नसतंय, भाऊसाहेब. वाट असती."

मला वाटलं, तालुक्याला कुणीतरी हा कागद फाडेल आणि मी सुटेन. पण आवक-जावकच्या कारकुनानं त्यावर शिक्का हाणला. आवक नंबर पडला की कागदाला जन्म मिळतो. मग त्याला कुणी मारू शकत नाही. साहेबांनी न वाचताच कोपऱ्यात लिहिलं, 'स्थळपाहणी करून पंचनामा सादर करावा'. मी कपाळावर हात मारून घेतला.

पंचनाम्याला सगळं गाव लोटलं. सुभेदारांनी वाट आखायला सुंभ, चुना आणि लाल चिंध्या आणल्या होत्या. बांधावर उभं राहून त्यांनी खिशातून एक रताळं काढलं आणि पंचांपुढं धरलं. "लोकास्नी वाटतंय लाट दोरीगत सरळ जाती. तसं न्हाई. लाट म्हंजे रताळं. ह्या टोकाला टॉवर, त्या टोकाला माझं घर, आन् मधी फुगती. नुसती नजर पोचून भागत न्हाई, ह्या पोटाला जागा लागती."

हौसाबाई विळा घेऊन बांधावर ठाण मांडून बसल्या होत्या. नवऱ्यामागं तीन एकर एकटीनं राखलेली बाई. आवाज असा, की ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची. "माझ्या रानात कुणाचंबी रताळं शिरू द्यायची न्हाई मी! आन् वरचं वाढं छाटलं तर उसाला बाजूनं पांगशा फुटतील, वजन घटंल, ते कोण भरून देणार?"

"आवं वैनी, लाट शिरलेलीच हाय. रोज शिरती. आत अडकती."

हौसाबाई चपापल्या. "म्हंजे? कुणाचं बोलणं अडकलंय माझ्या उसात?"

"सगळ्या गावाचं."

"माझ्या सुनंचं बी?"

"ती टाकीखाली जात असंल, तर तिचंबी."

हौसाबाई उठल्या आणि सरळ उसात घुसल्या. पाच मिनिटं पानांची सळसळ फक्त ऐकू येत होती. बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर संशय तसाच होता. "काय ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर आत ऊब हाय खरी." सुभेदार एवढे खूश झाले, की त्यांनी त्यांना सॅल्यूट ठोकला. "बराबर! उसात मुरलेल्या लाटंचीच ऊब ती!"

मी पंचनाम्यात लिहिलं : 'पंचांनी समक्ष पाहिले असता सदर लाट डोळ्यांस दिसून आली नाही. तथापि ती असल्याबाबत अर्जदाराने सांगितले व रताळ्याच्या साहाय्याने दाखविले. रताळे पंचांनी पाहिले.' नंतर पंचांनी ते भाजून खाल्लं, ते मी नोंदवलं नाही.

त्याच दिवशी चहाला घरी गेलो, तेव्हा कमळाबाईंनी मला भोपाळची सगळी हकिकत सांगितली. सांगताना दोनदा पदर डोळ्याला लावला. आणि मी, सरकारचा नोकर, काय म्हणालो? "काकू, अर्जात नाही ते मला पंचनाम्यात घेता येत नाही." आजही हे वाक्य आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. बांध ओलांडून हौसाबाईंना दोन शब्द सांगायला किती वेळ लागला असता? त्याऐवजी मी त्यांना नोटीस दिली. त्यांनी लेखी म्हणणं दिलं, की लाटेमुळं म्हैस आटली. सुभेदारांनी उत्तर दिलं, की लाट म्हशीपर्यंत पोचतच नाही, हीच तर तक्रार आहे. असे तीन महिने कागद चालले.

मार्गशीर्षात एका सकाळी टाकीखाली निरोप आला, की सुरेखाला दवाखान्यात ठेवलंय, आणि ती आईशी बोलायचं म्हणून रडतेय. दुपारी बघतो तर कमळाबाई वॉकर टेकत टेकत, दर दहा पावलांना थांबत, चढावरच्या बांधाकडं निघालेल्या. सुभेदार मागं, हात पसरून. मीही धावलो.

"हौसा," कमळाबाई बांधावर टेकल्या आणि म्हणाल्या, "माझी लेक दवाखान्यात हाय गं. मला तिच्याशी बोलायचंय. घरात बसून. एकटीनं."

हौसाबाईंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग सुभेदारांकडं, मग माझ्याकडं. "ह्यासाठनं? आवं, तीन म्हैनं मला रताळं सांगताय, लेक सांगाया काय झालं हुतं? आन् तुमी, भाऊसाब! लिवतावाचता येतंय न्हवं तुमास्नी?" असं तोंडात मारल्यासारखं मला कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि विळा घेऊन लाल चिंधीपाशी उभ्या राहिल्या. सुभेदार घाईघाईनं म्हणाले, "वैनी, नुसतं वाढं छाटा, बत्तीस फूट..."

"गप बसा! द्यायचं तर बुडातनं. आन् चाळीस."

तासाभरात तिथं पंधरा विळे चालायला लागले. ऊन कलायच्या आत उसातून आरपार रस्ता पडला. या टोकाला ओढा, त्या टोकाला टॉवर. सुभेदार घरात धावले. बाहेर आले ते घामाघूम. "रेंजची एक कांडी. एकच! असं हुणार न्हाई!" त्यांनी चढावर पाहिलं. नव्या वाटेत मधोमध सगळं गाव उभं होतं, रेंज कशी येते ते बघायला.

"खाली बसा!" त्यांनी परेडचा आवाज काढला. "खाली बसा सगळी!"

पाचपन्नास माणसं मटकन खाली बसली. उसाची बुडखं टोचत होती, तरी बसली. सरपंच बसले, पंच बसले, मीही कागदांच्या पिशवीसकट बसलो. कोनाड्यातल्या फोनवरून सुभेदारांनी भोपाळ लावलं. तोवर घरी पोचलेल्या कमळाबाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं. सुभेदार अंगणात आले आणि दाराकडं पाठ करून उभे राहिले. त्या मायलेकी तब्बल पाऊण तास बोलल्या. कुणी उठलं नाही. एकाला खोकला आला, तर हौसाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं तो गिळला.

आठ दिवसांनी तालुक्याचा निकाल आला : 'लहर ही शेतमाल अथवा वाहन या व्याख्येत बसत नसल्याने मागणी फेटाळण्यात येत आहे.' मी तो घेऊन सुभेदारांच्या घरी गेलो. त्यांनी पोच दिली, कागद न वाचता घडी घालून कोनाड्यात ठेवला, आणि तेवढ्यात फोन वाजला. कमळाबाईंनी घेतला. ऐकता ऐकता त्या भिंतीला टेकल्या, हसायला लागल्या, रडायला लागल्या. "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत!" सवयीनं सुभेदार उठून बाहेर निघाले होते. "आवं, कुटं निघालाय? सुरेखा म्हणती, आबास्नी द्या."

सुभेदार थांबले. सदऱ्याची बटणं नीट केली. ताठ उभं राहून दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. पलीकडून बारीक, चिरका, न थांबणारा टाहो मला उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होता. सुभेदार ऐकत होते. मिशांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसेनात. मिनिट गेलं, दोन गेली.

"आवं, बोला की कायतरी!" कमळाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

सुभेदारांनी एक हात वर करून त्यांना थांबवलं.

"गप," ते म्हणाले. "पलीकडचं माणूस अजून बोलतंय."