बोटाखालचा होकार

दिगंबर गेल्याची बातमी मला त्याचे थोरले भाऊ गजाननदादा यांनी फोनवर दिली आणि त्याच दमात पुढचं कामही सांगितलं. "जलंब जंक्शनले गाडी बदलताना खाली पडला, उठलाच नाही. तू आताच्या आता खामगावले ये. शोभाले तुलेच सांगा लागते. मले त्या मशीनवर लिहिता येत नाही." मी नांदुऱ्याचा धान्याचा अडत्या. दुकान तसंच उघडं टाकून निघालो. शोभाताई या दोघा भावांच्या मधली बहीण. लहानपणी तापात तिचे डोळे गेले आणि चाळिशीनंतर कानही गेले. तिला काही सांगायचं तर एकच वाट उरली आहे. आपण संगणकावर लिहायचं, त्याला जोडलेल्या पट्टीवर ब्रेलचे बारीक टोचे वर येतात, ती बोटाने वाचते आणि तोंडाने उत्तर देते.

मी "ताई, दिगंबर" एवढं लिहिलं आणि थांबलो. तिचं बोट पट्टीवरून पुढे जाऊन मागे आलं. "काऊन थांबला? लिही ना." मी लिहिलं. तिचं बोट त्यावरून एकदा गेलं, पुन्हा एकदा गेलं... मग तिने पट्टीवर अख्खा तळहात दाबून धरला, जसं काही टोचे खाली बसले की झालेलं परत फिरेल. ते टोचे उचलणारा प्रोग्राम दिगंबरनेच लिहिलेला. त्याच्या मरणाची बातमी त्यानेच तिच्या बोटापर्यंत नेली. मला त्या दिवशी त्याचा भयंकर राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. तो पुण्यात कंपनीत होता, ताईचे कान जायला लागले तसा घरी परत आला आणि इथूनच काम करू लागला. ही पट्टी त्याने कुठूनशी मिळवली. परदेशी, जुनी, कुठल्याशा संस्थेने अडगळीत टाकलेली; बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. नव्या पट्ट्याही आणून पाहिल्या होत्या, पण ताईला शुगर, बोटं बधिर होत चाललेली, नव्यांचे टोचे तिला लागतच नसत. या जुन्या पट्टीचे ठसठशीत लागायचे. अडचण एवढीच, की तिचा ड्रायव्हर आताच्या संगणकांत नव्हता. "ड्रायव्हर म्हणजे जीपचा?" असं मी विचारलं तेव्हा तो हसला नाही, वैतागला.

"तुह्या मार्केट यार्डासारखंच हाय बे," तो म्हणाला. "संगणकाच्या पोटात एक मूळ प्रोग्राम असते, कर्नेल. तो म्हणजे बाजार समिती समज. वायर जिथून आत येते त्याले बस म्हणतात, तो यार्डात येणारा रस्ता. वायर लावली का गेटवर गाडी आली. कर्नेल गाडीचा नंबर पाह्यते आन् अडत्याईच्या याद्या चाळते, हा माल कोणाचा? ज्याच्या यादीत तो नंबर हाय तो हाव म्हणते आन् गाडी ताब्यात घेते. तो ड्रायव्हर."

"आन् कोणीच हाव नाही म्हटलं तं?"

"तं गाडी उभी राह्यते. यार्डाले माहीत असते का गाडी आली. पण माल कोणी उतरवत नाही."

तो अडत्या दिगंबरने स्वतः लिहिला. कागदपत्रं काही नव्हती. पट्टीला एकेक आकडा पाठवून कोणता टोचा हलतो ते पाहत बसायचा. टोचे किती जोराने उचलायचे तेही त्याने ताईच्या बोटाप्रमाणे लावलं. शुगर वाढली की तो जोर वाढवायचा. आणि एक चाळा करून ठेवला. वायर लावून ड्रायव्हरने पट्टी ताब्यात घेतली, की सगळ्यात आधी पट्टीच्या पहिल्या तीन घरांत ह, काना आणि व असा एकच शब्द उठायचा, "हाव". आमच्या वऱ्हाडातला होकार. ताई रोज सकाळी तो वाचून हसायची आणि मगच चहा मागायची.

पण कर्नेलचे कायदे सारखे बदलतात. जे ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ साठ्यात घेतलेले असतात, त्यांना बदल करणारेच सांभाळून घेतात. बाहेरच्याने आपलं आपण निभवायचं. दिगंबरचा बाहेरचा. नवा कर्नेल आला की आपल्या लॅपटॉपवर तो ड्रायव्हर दुरुस्त करायचा, पुन्हा बांधायचा आणि ताईच्या संगणकात घालायचा. मी कितीदा म्हटलं, पाठवून दे ना तिकडे, तुझ्यामागे कोणी पाहील. "अजून कच्चं हाय बे. जगाले दाखवायचं तं नीट करून दाखवू." स्वतःचा सदरा कधी इस्त्री न करणारा माणूस, आणि याला म्हणे नीटनेटकं पाहिजे होतं...

तेरावं झालं. आमच्याकडे गेलेल्या माणसाची वस्तू वापरलेली तशीच कोणाला देत नाहीत. त्याचे कपडे धुऊन, घड्या घालून वाटले. त्याच मायेने दादांनी लॅपटॉप दुकानात नेऊन पूर्ण पुसून घेतला, त्यात सगळं नवं भरून घेतलं आणि गावच्या शाळेला देऊन टाकला. मला कळलं तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "पोराईले तसाच कसा द्याव? साफ करूनच देल्ला." ड्रायव्हर ज्यातून बांधायचा तो मूळ मजकूर त्यातच होता. घरातले सगळे पेनड्राइव्ह मी पाहिले, शाळेतून लॅपटॉप परत आणून तपासून घेतला. काही हाती लागलं नाही. दादांना मी हे सांगितलेलं नाही. सांगून त्यांना आणखी एक मरण कशाला द्यायचं?

पुण्यातल्या त्याच्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो बिचारा नीट बोलला. ताईच्या संगणकात बांधलेला ड्रायव्हर आहे तो त्याच कर्नेलशी चालणार, आणि तो कर्नेल आजच्या नव्या संगणकांवर धड चालत नाही. नवा ड्रायव्हर लिहायचा तर पट्टी पाठवा, काही महिने लागतील, जमेलच असं नाही. म्हणजे तेवढे महिने ताईशी कोणी बोलायचंच नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, "नको. आली नाही परत तं?" तळहातावर अक्षरं काढून पाहिली, तिला कळत नाहीत.

आता संगणकाचा पंखा खडखडतो, डिस्क मधूनच कण्हते. पट्टीची वायर जाते ती खाचही ढिली झाली आहे. ताईनेच सांगून टाकलं, रोज लावू नका, रविवारी लावा. बाकीचे दिवस ती खिडकीशी बसून असते. घरातले ताट हातात देतात, खांद्यावर थोपटतात. त्यापलीकडे तिच्यापर्यंत काही जात नाही. रविवारी यार्ड बंद, म्हणून मी जातो आणि आठवडाभराचं सगळं लिहितो.

गेल्या रविवारी मी वायर लावली, पहिल्या तीन घरांत दिगंबरचा "हाव" उठला. मी लिहायला लागणार, तोच तिने माझा हात धरला. "थांब. काढ ते वायर." काढली. "लाव." लावली. टोचे उठले. "पुन्हा." असं चाललं. शेवटी मी लिहिलं, ताई, खाच ढिली आहे, अशाने लवकर जाईल, मग आमचं काहीच कळणार नाही तुला. तिने ते सावकाश, शेवटच्या टोच्यापर्यंत वाचलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तुम्ही बोलता ते नसलं तं नसलं. लाव."

मी वायर काढली. तिचं बोट त्या तीन घरांवर तसंच टेकून होतं. मी पुन्हा लावली.