मॅट्रिक फेल

आमचा मिस्त्री कुणालाही स्वतःची ओळख करून देताना आधी तेलकट हात चिंधीला पुसायचा आणि मग ऐटीत सांगायचा, "मॅट्रिक फेल!"

तुम्हाला हसू येईल. पण त्या काळी आमच्याकडे ही पदवीच होती. लोक लग्नपत्रिकेत नावापुढं कंसात छापत. मॅट्रिकपर्यंत पोचणारेच गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथून कोण गडगडला, याची चौकशी कोण करणार!

तुमसरच्या राइस मिलमध्ये तो इंजिन सांभाळायचा आणि मी धानाच्या वजनकाट्यावर बसायचो. 'फेल' हा एक इंग्रजी शब्द त्यानं अख्ख्या मिलला शिकवला. पट्टा तुटला की "पट्टा फेल." धान ओलं आलं की "माल फेल." माझ्या डब्यातली वांग्याची भाजी चाखून म्हणे, "वहिनीचं मीठ आज फेल हाये, बाबूजी." म्हणताना असा खुलायचा की बिघाडसुद्धा चांगली बातमी वाटायची.

त्याची पोरगी मॅट्रिक पास झाली आणि तिला पाहायला मोहाडीचे पाहुणे आले. "तुम्ही शिकले-सवरलेले, बाजूले बसा," म्हणून मिस्त्रीनं मला आंधळगावला घरी नेलं. मुलगी पसंत पडली, पोहे झाले, चहा आला. मिस्त्रीनं सवयीनं आपली पदवी सांगितली. मुलाचे मामा मास्तर होते. ते बिचारे खूश झाले.

"वा! म्हणजे आपण बरोबरीचेच. परीक्षेचं सेंटर भंडारा होतं ना? कोणत्या विषयात गेले जी?"

"सगळ्यात," मिस्त्री म्हणाला.

"मराठीतही?" मामा हसले. आम्हीही हसलो.

दाराआड पोरगी उभी होती. तिची जुळत आलेली सोयरीक बापाच्या एका उत्तरावर येऊन टेकली होती. एखादी थाप सहज खपली असती. मिस्त्रीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"मी बसलोच नाही जी. चौथीतून बापानं काढलं, म्हशीमागं धाडलं. फेल व्हाले परीक्षेले बसा लागते. मले तर कोणी फेलबी नाही केलं."

मामांनी मान खाली घातली. मला तर समोरच्या बशीकडेही पाहवेना. कुठं तोंड लपवावं, ते कुणालाच कळत नव्हतं.

सोयरीक जुळली. पाहुण्यांनी त्याबद्दल पुढं कधी अवाक्षर काढलं नाही, आणि त्याचीच मिस्त्रीला जास्त लाज वाटत असावी. लग्नात तो मांडवाच्या खांबाआड उभा राहिला.

त्यानंतर इंजिन थांबलं की तो नुसतं म्हणे, "बंद पडलं." आमचा जुना मिस्त्री परत यावा म्हणून एकदा मीच काट्यावरून ओरडलो, "काय मिस्त्री, पट्टा फेल?"

त्यानं सावकाश हात पुसले. "तो शब्द परीक्षेले बसणाऱ्यायचा हाये, बाबूजी. आपला नाही."

दिवाळीनंतर तो मिलमध्ये आलाच नाही. त्याची तेलकट चिंधी इंजिनाजवळच्या खिळ्याला लटकत राहिली. तिला हात लावायची मला लाज वाटायची.